उकाडा: झाकणाखालचा शब्द

नोकरीच्या निमित्ताने मी रत्नागिरीहून चंद्रपूरला राहायला आले तेव्हा एप्रिल संपत आला होता. पहिल्याच आठवड्यातल्या एका दुपारी कामावरून परतताना जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. ओळख नुकतीच झालेली होती आणि बोलायला हवेइतका सोपा विषय नसतो, म्हणून मी म्हणाले, "काय उकडतंय हो काकू आज!" त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि अगदी आपुलकीने चूक दुरुस्त केली. "हे उकडणं नाही बाई. हे तापून राहिलं. उकडणं तर पाऊस पडल्यावर सुरू होईल."

मला त्या वेळी हा केवळ बोलीतला फरक वाटला. त्यांच्याकडे तसे म्हणतात आणि आमच्याकडे असे म्हणतात, एवढेच. पण त्यांचे वाक्य मनातून जाईना. आमच्याकडे फेब्रुवारी संपला की तक्रारीचा एकच शब्द असतो, उकाडा, आणि तो थेट मृग लागेपर्यंत पुरतो. चंद्रपुरात आमच्यापेक्षा दहा-बारा अंश अधिक तापमान असूनही त्याला उकाडा म्हणायला माणसे तयार नाहीत, याचा अर्थ हा शब्द पारा किती चढला हे सांगतच नसावा. मग तो काय सांगतो, या प्रश्नाचा मी पुढे बरेच दिवस पाठपुरावा केला. जे हाती लागले ते आपल्या भाषेविषयी माझा आदर वाढवणारे आहे.

'उकाडा' हे नाम 'उकडणे' या क्रियापदापासून झाले आहे. क्रियापदातला मधला स्वर दीर्घ करून शेवटी 'आ' जोडायचा, ही मराठीची जुनी आणि आवडती रीत आहे. उतरणे यापासून उतारा, पसरणे यापासून पसारा, निवडणे यापासून निवाडा आणि त्याच वळणाने उकडणे यापासून उकाडा. खुद्द 'उकडणे' या क्रियापदाच्या मुळाशी संस्कृतातला 'क्वथ्' हा धातू आहे. त्याचा अर्थ कढणे, शिजून उकळणे. त्याला 'उद्' हा वरची किंवा बाहेरची दिशा दाखवणारा उपसर्ग लागला की वर उसळून शिजण्याचा अर्थ येतो. या एकाच धातूने मराठी स्वयंपाकघराला किती शब्द दिले आहेत, हे पाहिले म्हणजे नवल वाटते. दूध कढते ते या धातूमुळे, ताकाची कढी होते ती यामुळे आणि वैद्याचा क्वाथ घरात येऊन काढा होतो तोही यामुळेच. दुःखाचे कढ येतात म्हणतो तेव्हाही आपण नकळत या धातूची आठवण काढत असतो.

म्हणजे उकाडा हा शब्द पंचांगातून आलेला नाही, वेधशाळेतून तर नाहीच नाही. तो चुलीवरून आलेला आहे. यात एक बारकावा आहे आणि माझ्या मते या शब्दाचा सारा जीव त्या बारकाव्यात आहे. मराठीत 'उकळणे' आणि 'उकडणे' ही दोन क्रियापदे उच्चाराने जवळची असली तरी आपण त्यांची कधी गल्लत करत नाही. पाणी उकळते, चहा उकळतो, आमटीला उकळी येते. बटाटे मात्र उकडतात, अंडी उकडतात, रताळी उकडतात. उकळते ते द्रव आणि उकडतो तो त्या द्रवात किंवा त्याच्या वाफेत कोंडला गेलेला घन पदार्थ. शाळेतल्या विज्ञानानेही हा भेद जपला आहे: पाणी ज्या तापमानाला उकळते त्याला मराठी पाठ्यपुस्तकात उत्कलनांक म्हणतात, हिंदीत मात्र त्यालाच क्वथनांक म्हणतात. 'उकडतंय' असे आपण म्हणतो तेव्हा आपण स्वतःला उकळत्या पाण्याच्या जागी ठेवत नाही. आपण भांड्यातल्या बटाट्याच्या जागी असतो. भोवतीची ओली, तापलेली हवा आपल्याला शिजवते आहे आणि वर झाकण आहे.

झाकणाचा उल्लेख मी उगाच करत नाही. आमच्या घरी गणपतीत उकडीचे मोदक होत आणि त्या दिवशी मला मोदकपात्रापाशी बसवले जाई. तांदळाच्या पिठाची उकड काढताना आधी पाण्याला मीठ-तूप घालून आधण येऊ द्यायचे, मग पीठ वैरून ढवळायचे आणि लगेच झाकण ठेवून दणदणून वाफ आणायची. पुढे मोदक वळून झाले की हळदीच्या पानांवर मांडून ते पुन्हा वाफेला लावायचे. आई एकच गोष्ट बजावून सांगत असे की मधे झाकण काढायचे नाही, वाफ कोंडली पाहिजे. शेवटी ते झाकण उचलले जाई तेव्हा मी मोदकांच्या आधी झाकणाची आतली बाजू पाहत असे. ती थेंबांनी डवरलेली असे. एक थेंब दुसऱ्याला मिळून जड होई, कडेकडेने घरंगळत येई आणि परत पात्रात पडे. आतली हवा पाण्याने इतकी भरून गेलेली असे की तिला आणखी एक थेंबही सामावून घेता येत नसे. रत्नागिरीच्या मे महिन्यातल्या संध्याकाळी मानेवरून पाठीकडे उतरणारा घामाचा ओघळ आणि झाकणावरून घरंगळणारा तो थेंब, दोघांची गोष्ट एकच आहे.

ती गोष्ट अशी. माणूस नुसता बसून असला तरी त्याच्या शरीरात सुमारे 100 वॅट इतकी उष्णता सतत तयार होत असते आणि ती बाहेर टाकल्याशिवाय त्याला जगता येत नाही. भोवतीची हवा त्वचेइतकीच किंवा त्याहून तापलेली असली, तर ही उष्णता बाहेर टाकण्याचा एकच भरवशाचा मार्ग उरतो, तो म्हणजे घाम सुकणे. 1 लिटर घामाचे बाष्प होताना शरीराकडची सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता निघून जाते. गार करण्याचे काम घाम येण्याने होत नसते, ते घाम सुकण्याने होते. घाम नुसताच ओघळून गेला तर अंगातले पाणी आणि मीठ तेवढे जाते, उष्णता मात्र होती तिथेच राहते. घाम सुकणार की ओघळणार, हे हवेत आधीच किती बाष्प आहे यावर ठरते.

दोन दुपारी शेजारी शेजारी ठेवून पाहू. समजा, चंद्रपुरात तापमान 44 अंश सेल्सिअस आहे आणि सापेक्ष आर्द्रता 15 टक्के आहे. त्याच वेळी रत्नागिरीत किंवा मुंबईत तापमान 33 अंश आहे आणि आर्द्रता 70 टक्के. नुसत्या पाऱ्याकडे पाहणारा म्हणेल की किनारा 11 अंशांनी थंड आहे. आता तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून त्यावर वारा घ्या, म्हणजे पाणी सुकून सुकून हवा किती गारवा देऊ शकते ते कळेल. चंद्रपूरच्या हवेत तो ओला फुगा सुमारे 23 अंशांपर्यंत खाली येईल. किनाऱ्यावरच्या हवेत मात्र तो 28 अंशांवरच अडून राहील. ओल्या अंगाला जी हवा जाणवते ती या ओल्या फुग्याच्या आकड्याच्या जवळची असते आणि त्या हिशेबाने 33 अंशांचा किनारा 44 अंशांच्या चंद्रपूरहून अधिक कोंडलेला ठरतो. चंद्रपूरचे ऊन सौम्य आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. ते ऊन माणसाला शोषून घेते आणि पाणी न पिता त्यात फिरणाऱ्याचा जीव घेऊ शकते. पण त्याची मारण्याची तऱ्हा वेगळी आहे आणि काकूंना ते शब्दाच्या पातळीवर ठाऊक होते.

त्या कोरड्या तऱ्हेसाठी मराठीकडे वेगळा शब्द आहे आणि तोही स्वयंपाकघरातूनच आला आहे. 'अंगाची लाही लाही झाली' असे आपण म्हणतो. लाही म्हणजे कोरड्या, तापलेल्या भांड्यात भाजून फुटलेला ज्वारीचा किंवा साळीचा दाणा. संस्कृतात तिला लाजा म्हणतात. लग्नात वधूवर ज्यांची आहुती देतात त्या याच लाह्या आणि त्या विधीला लाजाहोम हेच नाव आहे. लाही करताना पाण्याचा संबंध येत नाही. दाण्याच्या आत असलेला थोडासा ओलावा तापून वाफ होतो आणि दाणा तडकतो. विदर्भाच्या रस्त्यावर दुपारी दोन वाजता चालणाऱ्याच्या अंगाचे नेमके हेच होते. घाम दिसतही नाही, कारण तो येता येताच उडून जातो. ओठ तडकतात, डोळे कोरडे पडतात. ते भाजणे आहे. किनाऱ्यावरचे ते उकडणे. एकाच राज्यात, एकाच महिन्यात, माणसे दोन वेगवेगळ्या कृतींनी शिजत असतात आणि त्या दोन्ही कृतींना भाषेने अचूक नावे ठेवली आहेत.

'काहिली' हा शब्दही मला या घराण्यातला वाटत आला आहे. गुऱ्हाळात उसाचा रस आटवायला जी प्रचंड पसरट कढई असते तिला काहील म्हणतात आणि जिने गुऱ्हाळ पाहिले आहे, तिला 'जिवाची काहिली' ऐकताना त्या कढईच्या काठाशी उभे राहिल्याची धग आठवल्याशिवाय राहत नाही. 'तलखी' मात्र दुरून आली आहे. फारसीत तल्ख म्हणजे कडू आणि तलखी म्हणजे कडवटपणा. मराठीने तो शब्द घेतला आणि तहानेने कोरड पडलेल्या तोंडाच्या कडवटपणातून त्याला उन्हाच्या तापापर्यंत आणून सोडले. 'उन्हाची तलखी' म्हणताना आज कोणाला जिभेवरची चव आठवत नाही, पण शब्दाच्या पोटात ती आहे.

या साऱ्या शब्दांत उष्णतेची जी मूळ नावे आहेत त्यांचाही प्रवास पाहण्यासारखा आहे. 'उष्' म्हणजे जाळणे, त्यावरून उष्ण आणि उष्मा. उष्णचे प्राकृतात उण्ह झाले, कृष्णचे कण्ह झाले तसेच, आणि कण्हचा कान्हा झाला तसे उण्हचे मराठीत ऊन झाले. एकटे असताना 'ऊन' आपला 'ह' गिळून टाकते, पण 'उन्हात' म्हणताच तो परत येतो. उष्णकालाचा उन्हाळा झाला त्यातही तो टिकून आहे. आपण आज ऊन म्हणजे सूर्यप्रकाश असे समजतो, तरी ताटात वाढलेला 'ऊन ऊन भात' अजूनही जुन्या अर्थाने ऊनच असतो; त्याचा सूर्याशी काही संबंध नसतो, तो फक्त गरम असतो. उष्मा तर व्याकरणातही शिरला आहे. श, ष, स या वर्णांना उष्मे म्हणतात, कारण ते उच्चारताना तोंडातून गरम श्वासाचा झोत घासून बाहेर पडतो. तळहात तोंडासमोर धरून 'स' लांबवला तर पूर्वीच्या व्याकरणकारांनी हे नाव का ठेवले ते हातालाच कळते. आहारशास्त्रातला उष्मांक आणि उन्हात कोसळणाऱ्या माणसाचा उष्माघात ही त्याच शब्दाची अलीकडची अपत्ये.

आणि घाम. या शब्दाची गोष्ट मला सर्वांत हृद्य वाटते. संस्कृतात 'घर्म' म्हणजे उष्णता. वैदिक प्रवर्ग्य विधीत तापवलेल्या दुधाच्या आहुतीलाही घर्म हेच नाव आहे. कर्माचे कम्म आणि मग काम झाले, चर्माचे चम्म आणि मग चाम झाले, त्याच नियमाने घर्माचे घम्म आणि पुढे घाम झाले. पण नेपाळीत घाम म्हणजे ऊन, हिंदीच्या पूर्वेकडच्या बोलींतही घाम म्हणजे ऊन आणि मराठीत मात्र घाम म्हणजे उन्हाने अंगावर आलेले पाणी. कारणाचे नाव परिणामाला मिळाले. दुसरीकडे याच 'घर्म'चा इराणी भाषेतला भाऊ 'गर्म' झाला आणि फारसीच्या वाटेने 'गरम' होऊन आपल्याकडे आला. "गरम होतंय, घाम येतोय" या चार शब्दांच्या वाक्यात हजारो वर्षांपूर्वी दुरावलेले दोन भाऊ शेजारी येऊन उभे राहतात.

पुन्हा उकडण्याकडे येते, कारण या क्रियापदाचे व्याकरण अजून सांगायचे राहिले. 'आज फार उकडतंय' या वाक्यात कर्ता कोण? कोणीच नाही. 'मला मळमळते', 'उजाडले', 'सांजावले' ही जशी भावकर्तृक क्रियापदे, तसेच हवेविषयीचे उकडणे. बटाटे उकडताना बटाटे उकडणारी असते, गॅस असतो, भांडे असते. हवा उकडते तेव्हा हे सगळे नाहीसे होते आणि क्रियाच तेवढी उरते. 'मला उकडतंय' म्हटले तरी 'मी' कर्ता होत नाही. ते माझ्यावर गुदरलेले असते. थंडी वाजते, तहान लागते, ऊन लागते, या सर्वांत निदान थंडी, तहान, ऊन अशी कर्त्याची जागा घेणारी काही वस्तू आहे. उकडण्यात तेवढाही आधार नाही. ते सगळीकडून एकदम होते, त्यापासून सरकून सावलीत जाता येत नाही. उन्हातून आत येता येते. उकाड्यातून कुठे जाणार? व्याकरणाने कर्ता वगळला तो मला म्हणूनच योग्य वाटतो.

उकाड्याची ही कल्पना फक्त मराठीची आहे असे मी बरीच वर्षे धरून चालले होते. मग एका तमिळ सहकारिणीशी बोलताना कळले की तमिळमध्ये अशा हवेला 'पुळुक्कम' म्हणतात आणि त्यामागचे क्रियापद 'पुळुंगु' आहे, ज्याचा अर्थ वाफेत शिजणे असा होतो. त्याच क्रियापदावरून तिकडे उकडून घेतलेल्या तांदळाला 'पुळुंगल अरिसी' म्हणतात. मी थक्क झाले, कारण आमच्या कोकणातही उकाडा आहे आणि उकडा तांदूळही आहे. साळी भिजवून, टरफलासकट वाफेला लावून, वाळवून मग कांडायची, म्हणजे टरफलाकडची जीवनसत्त्वे दाण्यात मुरतात, दाणा कणखर होतो आणि पेजेला वेगळीच गोडी येते. मराठी आर्यकुळातली आणि तमिळ द्रविडकुळातली; उकाडा आणि पुळुक्कम या शब्दांत नाते काहीच नाही. तरीही दोन्ही किनाऱ्यांवरच्या बायकांनी आपल्या हंड्यातल्या भाताकडे पाहिले, मग दमट हवेत स्वतःच्या अंगाकडे पाहिले आणि स्वतंत्रपणे एकच क्रियापद वापरले. बायकांनीच, असे मी म्हणते, त्याला पुरावा मागू नये. पण हंड्याशी बसलेल्या माणसानेच हा शब्द पहिल्यांदा उच्चारला असेल, याविषयी मला शंका वाटत नाही. गुजरातीने याच अनुभवासाठी वाफेवरून 'बफारो' केला, तोही याच दिशेचा आहे.

हवामानशास्त्राला हा भेद मान्य आहे. भारतीय हवामान खात्याच्या निकषांप्रमाणे मैदानी भागात कमाल तापमान निदान 40 अंशांवर गेल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही, किनाऱ्यावर मात्र ही मर्यादा 37 अंश आहे. दोन्हीकडे ते सहसा नेहमीच्या सरासरीपेक्षा 4.5 अंशांनी जास्त असावे लागते. कोकणासाठी 'उष्ण व दमट हवामान' असा वेगळा इशाराही दिला जातो. हे चार शब्द म्हणजे उकाड्याचा सरकारी अनुवादच आहे आणि त्यापेक्षा उकाडा हा एक शब्द मला अधिक नेमका वाटतो. वर्तमानपत्रांत मात्र अलीकडे सरसकट 'विदर्भात उकाडा वाढला, पारा 45 वर' असे मथळे दिसतात. त्याने अर्थ फार बिघडतो असे कोणी म्हणणार नाही, पण मला ते टोचते. लाही, काहिली, रखरख, तलखी, धग असे एकाहून एक धारदार शब्द हाताशी असताना सगळ्यांना एकाच डब्यात कोंबले की वाचणाऱ्याला आपण कोणत्या प्रकारच्या हवेला तोंड देतो आहोत तेच समजत नाही.

आणि ते समजणे जिवाशी निगडित आहे. ओल्या फुग्याचे तापमान 35 अंशांवर गेले तर सावलीत, वाऱ्यात, पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसलेल्या धडधाकट माणसालाही अंगातली उष्णता बाहेर टाकता येत नाही आणि धोका तर त्याच्या बराच आधी सुरू होतो, म्हाताऱ्यांना आणि श्रमाची कामे करणाऱ्यांना तर आणखी आधी. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमानंतर दहाहून अधिक माणसे उष्माघाताने दगावली. त्या दिवशी त्या परिसरातले तापमान 38 अंशांच्या आसपास होते. चंद्रपुरात 38 अंश ही मार्चमधली साधी दुपार असते. किनाऱ्यावर, बाष्पाने भरलेल्या हवेत, डोक्यावर छप्पर नसताना, तोच आकडा वेगळा असतो. आकडा ऐकून माणूस निर्धास्त होतो. 'उकडतंय' हा शब्द ऐकून तो पंख्याखाली तरी सरकतो.

उकाड्याचा आणि पावसाचा संबंधही या शब्दाच्या मुळाशी जुळतो. मेच्या अखेरीस वारा पडतो, ढग जमतात आणि घरातले वडीलधारे म्हणतात, "एवढं उकडतंय म्हणजे पाऊस येणार." यात अंदाजापेक्षा निरीक्षण अधिक आहे. समुद्रावरून बाष्प आत येऊ लागले की घाम सुकणे मंदावते, रात्री जमिनीची उष्णता आकाशात निघून जाण्याऐवजी ढग आणि बाष्प ती परत खाली पाठवतात, म्हणजे पात्रावर झाकण पडते आणि तेच बाष्प पुढे वळवाची सर होऊन कोसळते. पावसाळा सरल्यावरचा उकाडा त्याच जातीचा. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात मोसमी वारे महाराष्ट्रातून माघारी फिरतात, आकाश निरभ्र होते, पण जमीन अजून ओलीच असते. तापलेल्या ओल्या मातीतून वाफ वर येते आणि आपण 'ऑक्टोबर हीट' हा इंग्रजी शब्द मराठीसारखा वापरत घाम पुसत राहतो.

चंद्रपूरच्या त्या पहिल्या उन्हाळ्यात मी कूलरवर जगले. खिडकीला लावलेला पत्र्याचा मोठा कूलर, तीन बाजूंना लाकडाच्या भुशाच्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी आणि जाळ्यांवर पाणी चढवणारा छोटा पंप. ओल्या जाळीतून आत येणारी ती हवा इतकी गार असे की पहाटे पांघरूण घ्यावे लागे. रत्नागिरीला आईला हे सांगितले तर तिला पटेना, कारण आमच्याकडे अशा कूलरने खोली फक्त ओली होते, आणि आमच्या माठातले पाणीसुद्धा मे महिन्यात जेमतेम गार होते. घाम असो, माठ असो की कूलर, पाणी सुकले तर गारवा, नाहीतर नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी पहिला पाऊस झाला. तासभर बरसून थांबला, अंगणातून मातीचा वास आणि त्याच्या मागोमाग वाफ वर आली. तापमान दहा अंशांनी तरी उतरले असेल. मी कूलर लावून बसले होते, तरी मान चिकट झाली होती, कपाळावर घाम साचून होता आणि उशीचा अभ्रा दमट लागत होता. तितक्यात दारावर टकटक झाली. काकू पदराने गळा पुसत उभ्या होत्या.

"पंप बंद करा आता," त्या म्हणाल्या, "नुसता पंखा चालू ठेवा. पाहा, कसं उकडून राहिलं."